ऑस्ट्रेलियात मोतीबिंदूची वेटिंग लिस्ट एकच आहे, तरी अ‍ॅबोरिजिनल पेशंट जास्त का थांबतात?

सांगलीकडच्या एका ताईंनी विचारलंय. त्या ऑस्ट्रेलियात एका सरकारी हॉस्पिटलच्या वेटिंग लिस्ट ऑफिसमध्ये काम करतात. प्रश्न असा की मोतीबिंदूच्या ऑपरेशनची यादी एकच, नंबर कॉम्प्युटर लावतो, कुणाला जात-वंश बघून पुढेमागे करायची सोयच नाही, मग दरवर्षी रिपोर्ट निघतो तेव्हा अ‍ॅबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट आयलंडर, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवासी, पेशंटचे थांबायचे दिवस इतरांपेक्षा जास्त कसे दिसतात? साहेब म्हणतात 'ते लोक बोलावलं तरी येत नाहीत', हे खरं का?

ताई, मी डोळ्यांचा डॉक्टर. शिक्षण महाराष्ट्रात झालं, पहिली काही वर्षं गावोगावच्या नेत्रशिबिरांत गेली, आणि आता सतरा वर्षं इकडे, त्यातली अर्धी मध्य ऑस्ट्रेलियात आणि अर्धी शहरात. तुमच्या साहेबांचं वाक्य मी पहिल्या आठवड्यातच ऐकलं होतं आणि तेव्हा मला पटलंही होतं. आता विचाराल तर एवढंच सांगेन की यादी सरळच आहे हो, पण तुमचं घड्याळ फार उशिरा सुरू होतं आणि ते कुणासाठी किती उशिरा सुरू होतं इथेच सगळी गोम आहे.

आधी घड्याळाचंच बघू. तुमच्या रिपोर्टातले दिवस कधीपासून मोजतात? सर्जनने पेशंट तपासला, ऑपरेशन करायचं ठरलं, फॉर्म भरला आणि तो तुमच्या टेबलावर येऊन नोंद झाली त्या दिवसापासून. त्याआधी काय काय झालेलं असतं? धूसर दिसायला लागलं, मग कधीतरी ऑप्टोमेट्रिस्टने (चष्म्याचा नंबर काढणाऱ्याने) डोळे बघितले, त्याने किंवा जीपीने, म्हणजे फॅमिली डॉक्टरने, चिठ्ठी दिली, चिठ्ठीशिवाय मेडिकेअरमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्य विम्यात, स्पेशालिस्टचे पैसे मिळत नाहीत, मग ती चिठ्ठी हॉस्पिटलच्या ओपीडीत गेली, तिथे पुन्हा रांग, आणि ही ओपीडीची रांग ऑपरेशनच्या दिवसांत धरलीच जात नाही. कित्येक ठिकाणी ही पहिली रांग दुसरीपेक्षा लांब असते. आमच्यात तिला लपलेली यादी म्हणतात, म्हणजे यादीत शिरायची यादी. एसटीच्या स्टँडवर तासभर उभं राहायचं आणि मास्तरने वेळ मोजायची ती गाडीत पाय ठेवल्यापासून, तसलाच प्रकार.

आणि यादीत नाव लागल्यावरसुद्धा मोतीबिंदू जवळजवळ नेहमी कॅटेगरी ३. तुम्हाला माहितीच आहे, पण बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी सांगतो. इकडे ऑपरेशनं तीन कप्प्यांत टाकतात: पहिला ३० दिवसांत, दुसरा ९० दिवसांत, तिसरा ३६५ दिवसांत. मोतीबिंदूने माणूस मरत नाही म्हणून तो तिसऱ्यात. वर्षभर थांबवलं तरी कागदावर सगळं 'वेळेत'. शिवाय डोळे दोन असतात. एका डोळ्याचं झालं की दुसऱ्यासाठी बऱ्याचदा नव्याने नोंद, नवं घड्याळ, पुन्हा तिसरा कप्पा.

आता दुसरी बाजू, जी रिपोर्टात दिसतच नाही. रांगेतून बाहेर कोण पडतं? ऑस्ट्रेलियात मोतीबिंदूची बहुतेक ऑपरेशनं सरकारी हॉस्पिटलात होतच नाहीत, प्रायव्हेटमध्ये होतात. साधारण ४५ टक्के लोकांकडे हॉस्पिटलचा खासगी विमा आहे, त्यांना काही आठवड्यांत तारीख मिळते, आणि ज्यांच्याकडे विमा नाही पण मुलगा-मुलगी पैसे भरू शकते तेही तिकडेच जातात. अ‍ॅबोरिजिनल कुटुंबांत असा विमा फार कमी. म्हणजे सरकारी रांगेत दोघं एकामागे एक उभे दिसले तरी त्यातल्या एकाला शेजारचा दरवाजा उघडा असतो, दुसऱ्याला नसतो. दोन समाजांची खरी तुलना करायची तर प्रायव्हेटवाल्यांचे दिवसही धरायला पाहिजेत, ते कुणी धरत नाही. त्यामुळे तुमच्या रिपोर्टात जो फरक दिसतोय तो मुळात कमी करून दाखवलेला फरक आहे असं मी मानतो.

'बोलावलं तरी येत नाहीत' याबद्दल एक केस सांगतो. नाव-गाव सांगणार नाही, ओळखीच्या खुणा बदलल्यात. अ‍ॅलिस स्प्रिंग्ज या मध्य ऑस्ट्रेलियातल्या गावाच्या पश्चिमेला किन्टोर म्हणून वस्ती आहे, पाचशेच्या वर किलोमीटर, पुण्याहून गोव्याला जाण्यापेक्षा लांब आणि बराचसा रस्ता कच्चा, वाटेत चहाची टपरीसुद्धा नाही. तशाच एका वस्तीतल्या आजी, वय साठीच्या आत. इकडे अ‍ॅबोरिजिनल समाजात मोठ्या माणसांना मानाने आंटी, अंकल म्हणतात, आपण मावशी-काका म्हणतो तसंच, तर आम्ही सगळे त्यांना आंटीच म्हणायचो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एका डोळ्याला बोटं दाखवली तर मोजता येत नव्हती, फक्त हात हलतोय एवढं कळायचं.

पहिलं पत्र हॉस्पिटलने पाठवलं इंग्रजीत. आंटींना चार भाषा येत होत्या, इंग्रजी त्यातली चौथी, आणि पत्र वाचायला डोळे नकोत का! डोळ्याने दिसत नाही म्हणून ज्यांना बोलावताय त्यांना बारीक अक्षरातलं पत्र पाठवायचं, हा विनोद मी भारतातही पाहिलाय. ते पत्र वस्तीच्या दुकानात पडून राहिलं. दुसऱ्या वेळी क्लिनिकमधल्या नर्सने निरोप दिला, गाडी ठरली, आणि त्या आठवड्यात वस्तीत मृत्यू झाला. इकडे त्याला सॉरी बिझनेस म्हणतात. आपल्याकडे सुतक असतं, पण हे त्याहून मोठं, अख्खी वस्ती थांबते, लांबलांबचे नातेवाईक येतात, कधी कधी आठवडे जातात, आणि आंटींसारख्या ज्येष्ठ बाईने तिथून निघून जाणं म्हणजे तोंड दाखवायला जागा राहणार नाही. नोंदीत काय गेलं? 'पेशंट हजर नाही.'

तिसरी गंमत मला फार उशिरा कळली. मध्य ऑस्ट्रेलियात मेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत, आणि त्याच नावाचा जिवंत माणूस असेल तर त्यालाही काही काळ त्या नावाने हाक मारत नाहीत, त्याऐवजी कुमंजायी असं एक पर्यायी नाव वापरतात. आंटींचं नाव आणि वारलेल्या बाईंचं नाव एकच होतं. तुमच्यासारख्याच ऑफिसातून कुणीतरी फोन केला आणि विचारलं अमुक बाई आहेत का, पलीकडून शांतता, मग फोन ठेवला. नोंदीत गेलं 'संपर्क होत नाही'. दोनदा आले नाहीत, संपर्क होत नाही, नियमाप्रमाणे नाव कमी. पुन्हा जीपीची चिठ्ठी, पुन्हा ओपीडी, पुन्हा दिवस शून्यापासून. शेवटी ऑपरेशन झालं तेव्हा रिपोर्टात त्यांचे दिवस शंभरेक पडले, छान दिसत होते! खरं म्हणजे पहिल्या चिठ्ठीपासून तीन वर्षं होऊन गेली होती.

इथे ताई तुमच्या कामाचा मुद्दा आहे म्हणून जरा थांबतो. वेटिंग टाइमचे जे आकडे छापून येतात त्यात ऑपरेशन झालेल्या माणसांचेच दिवस असतात. यादीतून काढून टाकलेला, कंटाळून गेलेला, वारलेला, गाव बदललेला, यांच्यापैकी कुणीच त्या आकड्यात नाही. तब्येतीमुळे किंवा स्वतःच्या अडचणीमुळे 'सध्या तयार नाही' असा शेरा पडलेले दिवसही वजा होतात. म्हणजे ज्याची वाट सगळ्यात वाकडी त्याचेच दिवस मोजायचे राहतात. आणि अजून एक, अ‍ॅबोरिजिनल आहे की नाही ही नोंदच नीट होत नाही. काउंटरवरच्या माणसाने प्रत्येकाला तो प्रश्न विचारायचा असतो, पण गोरी दिसणारी बाई असेल तर विचारायला संकोच वाटतो किंवा गर्दीत राहून जातं, मग तो पेशंट दुसऱ्या रकान्यात जातो. त्यामुळे फरकाचा आकडा अमुक दिवस यावर फार वाद घालू नका, दिशा बघा, दिशा वर्षानुवर्षं तीच आहे.

बरं, सगळं खापर अंतरावर फोडू नका, ही चूक मी स्वतः बरीच वर्षं केली. बाहेरच्यांना वाटतं अ‍ॅबोरिजिनल म्हणजे वाळवंटात राहणारे. दर पाचातले चार जण तरी शहरात किंवा मोठ्या गावांच्या आसपास राहतात, सिडनी, ब्रिस्बेन, पर्थ, हॉस्पिटलपासून ट्रेनने अर्ध्या तासावर. तिथेही थांबावं लागतं. मी शहरात आल्यावर हे बघून चक्रावलो होतो, कारण माझं सगळं उत्तर रस्ता-गाडी-विमान यावरच बेतलेलं होतं. तिथे कारणं वेगळी. पार्किंगचे पैसे, नातवंडांना सांभाळायला कुणी नाही, फोन नंबर बदललेला, आणि सगळ्यात अवघड म्हणजे हॉस्पिटल या जागेबद्दलच मनात बसलेली भीती. ज्यांच्या आईबापांच्या काळात अ‍ॅबोरिजिनल पेशंटना वेगळ्या वॉर्डात किंवा व्हरांड्यात ठेवायचे, ज्यांच्या घरातून सरकारी माणसांनी मुलं उचलून नेली, त्यांना सरकारी शिक्क्याचा लिफाफा आला की पोटात गोळा येतो. १९७१ साली सिडनीच्या रेडफर्नमध्ये या समाजाने स्वतःचं वैद्यकीय केंद्र काढलं ते उगाच नाही. आज देशभर तशी समाजाने चालवलेली केंद्रं आहेत आणि माझा अनुभव असा की तिथे तपासणी ठेवली की लोक येतात, तेच लोक, ज्यांच्या नावापुढे हॉस्पिटलात 'हजर नाही' लिहिलंय.

आता थोडं डॉक्टरकीचं, कारण उशीर झाला म्हणजे फक्त गैरसोय झाली असं नाही. या समाजात डायबेटिसचं प्रमाण इतरांच्या साधारण तिप्पट आहे, त्यामुळे मोतीबिंदू लवकर येतो, आणि मागे पडद्यावर रेटिनोपॅथीही, म्हणजे डायबेटिसने पडद्याला होणारी इजा, असू शकते. मोतीबिंदू पिकून पांढरा झाला की मला पडदा दिसतच नाही, सोनोग्राफी करून अंदाज घ्यावा लागतो, आणि पडद्यावर लेझर करायची वेळ निघून गेलेली असते. म्हणजे ऑपरेशन उत्तम होऊनही पट्टी काढल्यावर माणूस म्हणतो 'थोडंच बरं दिसतंय', आणि ते वस्तीत जाऊन सांगतो. झालं, पुढचे चार जण येत नाहीत. किडनीचंही तसंच, अ‍ॅलिस स्प्रिंग्जमध्ये डायलिसिसचे पेशंट प्रचंड, आठवड्यातून तीन दिवस मशीनवर, उरलेल्या दिवसांत ऑपरेशन, दुसऱ्या दिवशीची तपासणी आणि परतीची गाडी हे सगळं बसवायचं. थिएटरची तारीख मंगळवारी आणि डायलिसिसही मंगळवारी, तर चूक कुणाची?

पिकलेला मोतीबिंदू फेकोने, म्हणजे मशीनने फोडून ओढून, काढणं अवघड जातं, वेळ लागतो, शिकाऊ डॉक्टरला देता येत नाही. इथे मला आपल्या शिबिरांचा फार उपयोग झाला. दगडासारखे मोतीबिंदू छोट्या छेदातून हाताने काढायची जी पद्धत भारतात आणि नेपाळमध्ये रोजची आहे ती इकडच्या तरुण सर्जनांच्या हाताखालून फारशी गेलेली नसते. (फ्रेड हॉलोज हे इकडचे डोळ्यांचे डॉक्टर, आदराने घेतलं जाणारं नाव, त्यांनी १९७६ ते १९७८ या काळात देशभरच्या वस्त्यांतून एक लाखाच्या आसपास लोकांचे डोळे तपासले, पुढे नेपाळचे नेत्रसर्जन सांदुक रुइत यांच्याबरोबर काम केलं, काठमांडूत डोळ्यात बसवायची स्वस्त भिंगं बनायला लागली. म्हणजे हा रस्ता दोन्हीकडून चालता आहे.)

देशपातळीच्या दोनच सर्वेक्षणांचे आकडे देतो, पुरे आहेत. २००८ च्या सर्वेक्षणात चाळिशीपुढच्या अ‍ॅबोरिजिनल लोकांत अंधत्वाचं प्रमाण इतरांच्या सहापट निघालं होतं, आणि गेलेल्या नजरेपैकी ९४ टक्के टाळता किंवा बरी करता येण्यासारखी होती. २०१६ मध्ये पुढचं सर्वेक्षण आलं, त्यात फरक तिपटीवर आला. म्हणजे काम झालंय, नाही असं नाही. पण त्याच २०१६ च्या सर्वेक्षणात मोतीबिंदूच्या ऑपरेशनची गरज असलेल्यांपैकी किती जणांचं झालं हे बघितलं तर इतर समाजात साधारण ८८ टक्के आणि अ‍ॅबोरिजिनल समाजात ६१. हा आकडा मला वेटिंगच्या दिवसांपेक्षा जास्त प्रामाणिक वाटतो, कारण यात यादीबाहेर राहिलेलाही मोजला जातो. आणि मजेची गोष्ट, याच समाजातल्या लहान मुलांची नजर इतर मुलांपेक्षा चांगली निघाली होती. म्हणजे डोळे मुळातच कमजोर वगैरे काही नाही, जे बिघडतं ते नंतर बिघडतं.

मेलबर्न विद्यापीठातल्या ह्यू टेलर यांच्या गटाने २०१२ मध्ये एक आराखडा काढला, ४२ शिफारशी होत्या. त्यात पेशंटच्या प्रवासाला गळक्या पाइपची उपमा दिलीय, जागोजागी भोकं, एक भोक बुजवलं तरी पाणी पुढच्या भोकातून जातंच. मी याला एवढंच जोडेन की आपल्या क्षेत्रातली माणसं, म्हणजे डॉक्टर आणि अधिकारी दोघंही, नेहमी शेवटचं भोक आधी बुजवायला जातात, थिएटरचे तास वाढवा, सर्जन वाढवा. तास वाढवले की ते कोण भरतं? जो आधीच यादीत आहे, ज्याचा फोन लागतो, तो. फरक तसाच राहतो, कधी वाढतोही.

मग चालतं काय? मी स्वतः पाहिलेलं सांगतो. अ‍ॅलिस स्प्रिंग्जला ऑपरेशनचे खास आठवडे ठेवायला लागले, बाहेरून टीम येते, वस्त्यांमधून लोकांना एकत्र गाड्यांनी आणतात, राहायची सोय, दुभाषी, सोबत नातेवाईक, सकाळी ऑपरेशन, दुसऱ्या दिवशी पट्टी काढून तपासणी. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी हसलो, म्हटलं अरे हे तर आपलं शिबिरच! व्हरांड्यात एका डोळ्यावर पट्टी बांधलेल्या आज्या एकमेकींची थट्टा करतायत, हे दृश्य मी नंदुरबारला पाहिलंय आणि इथेही, भाषा तेवढी वार्लपिरी. एकटीने यायला घाबरणारी बाई बहिणीबरोबर येते, ही साधी गोष्ट आहे आणि कुठल्याही कॉम्प्युटरच्या यादीत ती बसत नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात लायन्स आउटबॅक व्हिजनची मोठी गाडी फिरते, डोळ्यांचा अख्खा दवाखाना ट्रकवर, म्हणजे ओपीडीच गावात गेली, लपलेली यादी तिथेच कापली गेली.

शिबिराचे तोटेही मला माहिती आहेत, उगाच गोडवे गात नाही. टीम निघून गेली की आठव्या दिवशी लाल झालेला डोळा कुणी बघायचा? दुसऱ्या डोळ्याचं काय? पैसे थांबले की आठवडा रद्द. २०२० च्या मार्चमध्ये कोविडमुळे तातडीची नसलेली ऑपरेशनं बंद केली तेव्हा सगळ्यात आधी मोतीबिंदू थांबला, बाहेरून टीम येणं थांबलं, वस्त्यांमध्ये शिरायलाच बंदी होती (ती बरोबरच होती), आणि प्रायव्हेटवाले मात्र परवानगी मिळताच लवकर सावरले.

एक जण मिळाला तर सगळ्यात जास्त फरक पडतो, तो म्हणजे को-ऑर्डिनेटर. सर्जन नाही हो. वस्तीतल्याच ओळखीतली बाई, जिला कुठे सॉरी बिझनेस चालू आहे ते माहिती असतं, कोण सध्या कुणाच्या घरी राहतंय ते माहिती असतं, कुणाला कुठल्या नावाने हाक मारायची ते माहिती असतं, आणि जी गाडीत बसेपर्यंत मागे लागते. ती रजेवर गेली की त्या महिन्यात थिएटर अर्धं रिकामं जायचं, मी सर्जन असून काही करू शकायचो नाही. तिची नोकरी मात्र वर्षा-वर्षाच्या करारावर. माझी कायम.

अ‍ॅबोरिजिनल पेशंटना तिसऱ्या कप्प्याऐवजी ९० दिवसांत घ्यावं अशी मागणी आमच्या क्षेत्रात आहे, काही जण म्हणतात हा बाकीच्यांवर अन्याय. मी मागणीच्या बाजूचा आहे. कारण साधं आहे, तीन वर्षं आधीच्या रांगांमध्ये उभ्या राहिलेल्या माणसाला शेवटच्या रांगेत नऊ महिने सूट दिली तर तो पुढे घुसला असं होत नाही. शिवाय संख्येने ही माणसं देशाच्या चार टक्क्यांच्या आत, त्यांच्यामुळे बाकीच्यांची रांग फारशी हलणार नाही. पण एवढंच केलं आणि आधीच्या रांगांचं काही केलं नाही तर रिपोर्ट चांगला दिसेल, माणसं तिथेच राहतील, हेही तेवढंच खरं.

आता तुम्ही काय करू शकता, कारण तुमच्या खुर्चीत बसून बरंच होतं. पहिलं, 'कमी केलेली नावं' ही फाईल मागच्या एका वर्षाची काढा आणि त्यात अ‍ॅबोरिजिनल पेशंट किती टक्के ते ऑपरेशन झालेल्यांमधल्या टक्क्यांशी ताडून बघा. दुसरं, ऑपरेशन झालेल्या वीस-पंचवीस फायली घ्या आणि पहिल्या चिठ्ठीची तारीख हाताने शोधून दिवस पुन्हा मोजा, दोन्ही समाजांचे. दिवसभराचं काम आहे, पण हा कागद समोर ठेवला की साहेबांना 'येत नाहीत' म्हणणं अवघड जातं. तिसरं, नाव कमी करण्याआधी तुमच्या हॉस्पिटलातल्या अ‍ॅबोरिजिनल लायझन ऑफिसरला, म्हणजे या समाजातले पेशंट आणि हॉस्पिटल यांना जोडणाऱ्या माणसाला, ती यादी दाखवायची सवय लावा, नियम बदलायची गरज नाही, चहाच्या वेळेला एक चक्कर मारायची. आमच्याकडे हे सुरू केलं तेव्हा त्या बाईंनी पहिल्या पानावरच बोट ठेवून सांगितलं, 'ही माझी चुलत बहीण, संपर्क होत नाही काय, काल संध्याकाळी माझ्याकडे जेवून गेली.'